४५ अंश, पण नागपूरच्या कुठल्या घरात?

मे महिन्यात नागपुरात रात्री दहाला गच्चीवर जा आणि कठड्याला हात लावा. सूर्य मावळून तीन तास झालेले असतात, तरी सिमेंट अजून कोमट नाही, गरम असतं. लहानपणी आमच्याकडे संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं. पहिली बादली ओतली की स्लॅब ती जणू पिऊन टाकायचा आणि एक उष्ण, चुन्याच्या वासाची वाफ तोंडावर यायची. तिसऱ्या-चौथ्या बादलीनंतर कुठे पाणी दोन मिनिटं टिकायचं. कंटाळा केला की आई खालून ओरडायची, "अजून दोन टाक, आता मारलेलं पाणी रात्री बाराला कामी येते!"

शहरातल्या उन्हाळ्याबद्दलची मोठी गोष्ट तिच्या त्या वाक्यात होती. ऊन दुपारी पडतं, पण घरात ते रात्री उतरतं. आणि नेमकी हीच गोष्ट "नागपूर ४५ अंश" या बातमीत दिसत नाही.

हवामानाचा अंदाज कसा बांधतात, तो शहराच्या गल्लीपर्यंत कसा आणतात आणि त्यावरून उकाडा कमी कसा करता येतो, हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात या आकड्यापासूनच करावी लागेल.

सोनेगावच्या वेधशाळेत पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी झडपांची लाकडी पेटी असते. तापमापक त्या पेटीत, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर. खाली मोकळी जमीन, आजूबाजूला इमारत नाही. पेटीला झडपा अशासाठी की वारा आत खेळावा, पण ऊन आत येऊ नये. म्हणजे ४५ अंश हे सावलीतल्या, वाऱ्यातल्या, मोकळ्या जागेतल्या हवेचं तापमान. सीताबर्डीच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर ऊन असतं, खालून डांबर तापत असतं, बाजूच्या बसचं इंजिन धग सोडत असतं. त्याच्या वाट्याला आलेला उन्हाळा त्या पेटीत मावत नाही. पेटी चुकीची नाही. जगभर एकाच पद्धतीने मोजलं तरच नागपूर आणि जैसलमेर यांची तुलना होईल, म्हणून ती तशी आहे. पण ती शहराचा एक ठिपका मोजते.

दुसरा ठिपका घेतला की चित्र बदलतं. पुणेकरांना हे हिवाळ्यात चांगलं माहीत असतं. पाषाण, शिवाजीनगर आणि मगरपट्टा यांचं पहाटेचं तापमान शेजारी शेजारी ठेवा, कित्येकदा पाच-सहा अंशांचा फरक दिसतो. एकच शहर, एकच रात्र.

हा फरक पडतो कशाने? मातीत आणि झाडात पाणी असतं. ऊन पडलं की त्यातला मोठा हिस्सा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, ती विजेच्या हिशेबात सुमारे ०.६७ युनिट भरते. मोठं झाड दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी पानांतून सोडत असेल, तर ते एकटं ६०-७० युनिट उष्णता शोषून घेतं, तीही बिल न येता. सिमेंट आणि डांबराकडे हा मार्ग नाही. ते ऊन आत साठवत राहतात आणि सूर्य गेला की बाहेर सोडतात. त्यात दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की गल्लीतून आकाशाची फक्त एक चिंचोळी पट्टी दिसते. रात्री जमीन थंड होते ती उघड्या आकाशाकडे उष्णता सोडून. आकाशच झाकलं तर ती भिंतीभिंतींत फिरत राहते. वर वाहनं आणि एसीची बाहेरची युनिटं. एसी खोलीतली उष्णता संपवत नाही, ती गल्लीत नेऊन टाकतो.

शहर आसपासच्या गावापेक्षा गरम राहतं ही नोंद जुनी आहे. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड यांनी ती १९व्या शतकाच्या सुरुवातीला आकडे मांडून दाखवली होती. पण आपल्याकडे यात एक वळण आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मे महिन्यात विदर्भातली शेतं रिकामी असतात. काळी जमीन भेगाळलेली, गवताचं पान नाही. भर दुपारी उपग्रहातून पाहिलं तर आपल्याकडच्या कितीतरी शहरांचा पृष्ठभाग भोवतालच्या उघड्या रानापेक्षा किंचित थंडच दिसतो, कारण शहरात निदान झाडं, बागा आणि इमारतींच्या सावल्या तरी असतात. रात्री मात्र पारडं फिरतं. रान भराभर निवतं, शहर निवत नाही. म्हणून ज्याला शहराच्या उन्हाळ्याशी लढायचं आहे त्याने दुपारपेक्षा रात्रीकडे जास्त बघायला हवं, असं माझं मत झालं आहे.

माठ काय सांगतो

मुंबईला शिकायला गेलो तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात माठ घेतला आणि निराश झालो. पाणी गार होईचना. घरी नागपुरात ४४ अंशांत माठातलं पाणी दातांना लागायचं, इथे ३४ अंशांत नुसतं बरं लागत होतं. माठात दोष नव्हता. माठ झिरपतो, बाहेरच्या पाण्याची वाफ होते आणि आतलं पाणी निवतं. हवा आधीच ओली असेल तर वाफ होणार कशी? वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात गारठा आणतो आणि मुंबईत नुसती चिकचिक वाढवतो, तेही याच कारणाने.

ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात धरला तर तो जितका खाली उतरतो, त्याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. नागपूरची ४४ अंशांची, १५ टक्के आर्द्रतेची दुपार घ्या: हिशेब २३ अंशांच्या आसपास येतो. मुंबईची ३४ अंशांची, ६५ टक्के आर्द्रतेची दुपार घ्या: साधारण २८. दहा अंशांनी "थंड" असलेल्या मुंबईत माठ पाच अंशांनी गरम राहतो.

आपलं शरीर हाही एक माठच. घामाची वाफ झाली तरच ते निवतं. ओल्या फुग्याचं तापमान ३५ अंशांवर गेलं की निरोगी माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली बसून फार तास तग धरू शकत नाही, अशी मर्यादा शास्त्रज्ञांनी २०१० साली मांडली. पुढे तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या तेव्हा दमट हवेत शरीराचा तोल त्याआधीच, ३१ अंशांच्या आसपास ढळताना दिसला. म्हातारी माणसं, गरोदर बायका, हृदयाचे रुग्ण यांची मर्यादा याहून खाली. याचा अर्थ नागपूरचं ऊन सोपं, असा मात्र मुळीच नाही. ४४ अंशांत हवाच अंगापेक्षा गरम असते, ती शरीरात उष्णता घालत राहते, घाम इतका झपाट्याने सुकतो की किती पाणी गेलं ते कळतही नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्या श्रीसेवकांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. त्या भागात पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भात ३८ म्हटलं तर लोक लग्नाच्या वरातीत नाचतात. पण इथे डोक्यावर सावली नव्हती, हवा दमट होती, आणि लोक तासन्तास एका जागी बसलेले होते. नुसत्या पाऱ्यावरून धोका ठरवला की किती मोठी चूक होते, हे त्या दिवसाने दाखवलं. ती आठवण आजही अस्वस्थ करते.

हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्या मुख्यतः पाऱ्यावर उभी आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त, किंवा थेट ४५ वा त्याहून जास्त. किनाऱ्यावर ३७ आणि तेवढीच वाढ. २०२३ पासून खातं आर्द्रता धरून काढलेला उष्णता निर्देशांकही प्रायोगिक स्वरूपात देऊ लागलं आहे. किनारपट्टीवरच्या माणसाने तोच आधी बघावा.

पुण्यातली गणितं

आता अंदाजाकडे येऊ. संगणकात पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोनी डबे पाडलेले असतात, एकावर एक रचलेले. प्रत्येक डब्यात आत्ता तापमान किती, वारा कुठला, बाष्प किती, दाब किती हे भरतात. ही माहिती वेधशाळा, उपग्रह, विमानं, जहाजं, हवेत सोडलेले फुगे यांच्याकडून येते. मग भौतिकशास्त्राचे नियम लावून काही मिनिटांनंतर प्रत्येक डब्यात काय होईल ते काढतात, ते उत्तर पुन्हा तिथेच घालतात, आणि असं करत करत दहा दिवस पुढे जातात. यासाठी अफाट गणनशक्ती लागते. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्का' हा महासंगणक २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला, आणि मे २०२५ मध्ये याच संस्थेने घडवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' रोजच्या वापरात आली. आधी डब्याची बाजू १२ किलोमीटर होती, आता ६.

नागपूर महापालिकेचं क्षेत्र सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. १२ किलोमीटरचा एक डबा १४४ चौरस किलोमीटरचा, म्हणजे सगळं शहर जेमतेम दीड-दोन डब्यांत. ६ किलोमीटरचा डबा ३६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे साधारण सहा डबे. सुधारणा मोठी आहे. तरीही एका डब्यात अंबाझरीचा तलाव, धरमपेठेतली झाडं आणि एखादी पत्र्याच्या घरांची वस्ती एकत्र कोंबली जाते, आणि तिघांना मिळून एकच तापमान मिळतं.

म्हणून पुढची पायरी. डब्यांच्या या गणिती मांडणीला प्रतिमान (मॉडेल) म्हणतात. मोठ्या प्रतिमानाच्या पोटात लहान डब्यांचं दुसरं प्रतिमान बसवतात, त्याच्या पोटात अजून लहान. आतल्यात आत जाताना ३ किलोमीटर, १ किलोमीटर, आणि एखाद्या वस्तीपुरतं कधी काही मीटरपर्यंत. इतक्या बारीक पातळीवर शहराचा तपशील लागतो: कुठे दाट बैठी घरं, कुठे उंच विरळ इमारती, कुठे गोदामं, कुठे झाडं. स्ट्युअर्ट आणि ओक या दोन अभ्यासकांनी २०१२ मध्ये यासाठी १७ वर्गांची एक वाटणी मांडली, १० बांधकामाचे आणि ७ जमिनीचे, आणि आज जगभर तीच वापरतात. आपल्या शहरांची अडचण अशी की नकाशा तयार होईपर्यंत मागच्या प्लॉटवर सात मजले चढलेले असतात. इमारतींची उंची, छताचा प्रकार, झाडांची मोजदाद ही माहिती पालिकांकडे तुकड्यातुकड्यांत पडून असते, मालमत्ता कराच्या दप्तरात एक, उद्यान खात्यात दुसरी. ती एकत्र करणं हे महासंगणकाइतकंच मोलाचं काम आहे, पण त्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून ते मागे राहतं.

उपग्रहांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. वर्तमानपत्रात लालभडक नकाशा येतो आणि खाली लिहिलेलं असतं, अमुक भागाचं तापमान ५५ अंश. ते हवेचं नसतं, पृष्ठभागाचं असतं: पत्र्याचं, डांबराचं, गच्चीचं. लँडसॅट उपग्रह १०० मीटरच्या बारकाव्याने ते मोजतो, पण आपल्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो आणि तेही काही दिवसांच्या अंतराने. मोडिस यंत्र असलेला ॲक्वा उपग्रह अनेक वर्षं दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या आसपास जायचा, पण त्याला एक किलोमीटरपेक्षा बारीक दिसत नाही. कुठलं छत तापतं हे पहिल्याकडून कळतं, कुठला भाग रात्री निवत नाही हे दुसऱ्याकडून. दोन्ही जोडले तरच काही हाती लागतं.

जमिनीवरची मोजणीही डोळे उघडे ठेवून करावी लागते. ३० मे २०२४ रोजी नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश नोंदवले आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तपासलं तेव्हा संवेदक बिघडलेला निघाला. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवले होते. तिथेही यंत्र तीन अंश जास्त दाखवत होतं. शंका आली ती शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहिल्यामुळे. शहरात केंद्रं भरपूर हवीत, ती एकमेकांची साक्ष काढायलासुद्धा.

पावसाच्या अंदाजावर लोक चिडतात, पण उष्णतेचा अंदाज त्या मानाने भरवशाचा असतो. वळीव एका पेठेत पडतो आणि दुसरीत नाही; उष्णतेची लाट शेकडो किलोमीटर पसरलेली असते. वर उच्च दाबाचं क्षेत्र बसतं, हवा खाली दबते, दबताना तापते, ढग होत नाहीत, वायव्येकडून कोरडा वारा येतो. असं मोठं घडताना प्रतिमानाला चार-पाच दिवस आधी दिसतं. मुंबईचं मात्र निराळं आहे. तिथला पारा ठरतो तो समुद्रावरचा वारा दुपारी किती वाजता आत येतो यावर. तो वेळेवर आला तर ठीक, रेंगाळला तर मार्चमध्येही सांताक्रूझला पारा उसळी घेतो आणि कुलाबा कितीतरी खाली राहतो. ही वेळ पकडायला बारीक डबे लागतात. शिवाय अंदाज एकच काढत नाहीत. सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फेरफार करून तेच गणित २०-२१ वेळा चालवतात. त्यातल्या १८ वेळा पारा ४५ च्या वर गेला, तर भरवसा मोठा. सहाच वेळा गेला, तर तयारी ठेवायची, भोंगा वाजवायचा नाही.

अंदाज आला, पुढे काय

अहमदाबादने हा प्रश्न फार मोठी किंमत मोजून सोडवायला घेतला. २१ मे २०१० ला तिथे पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात आधीच्या वर्षांच्या मानाने १३४४ मृत्यू जास्त झाले. यातले बहुतेक "उष्माघात" म्हणून कुठे लिहिलेलेच नव्हते. कुणाच्या दाखल्यावर हृदयविकार, कुणाच्या मूत्रपिंड. रोजच्या मृत्यूंची नोंद आणि रोजचं तापमान शेजारी ठेवल्यावरच ते दिसले. २०१३ मध्ये महापालिकेने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा आणला. तो उभा राहिला साध्या पायावर: आपल्या शहरात कुठल्या तापमानाला मृत्यू वाढू लागतात ते शोधा, तिथे रेषा मारा, आणि अंदाज त्या रेषेला टेकला की कुणी काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. पुढच्या अभ्यासात या व्यवस्थेमुळे वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज निघाला.

मला त्यातली एक छोटी गोष्ट सर्वांत जास्त भिडते. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, तापलेल्या स्लॅबच्या थेट खाली. तो खालच्या मजल्यावर हलवला, आणि उन्हाने आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या बरीच घटली. आकडे नीट पाहिले म्हणून कळलं की त्रास कुठून येतोय. उपाय एका जिन्याच्या अंतरावर होता.

प्रतिमानाचा दुसरा उपयोग म्हणजे खर्च करण्याआधी करून बघणं. या वस्तीतली सगळी छतं पांढरी केली तर रात्री किती फरक पडेल? या रस्त्याला दोन्हीकडे कडुनिंब लावले तर? संगणकात लावून बघता येतात. आणि तिथे काही अनपेक्षित उत्तरं मिळतात. छत पांढरं केलं की खालची खोली खरोखर निवते. चुन्याचा हात मारणं हा पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घराला सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरणच केलं. पण तोच पांढरा रंग रस्त्याला दिला तर जमीन निवते आणि परतलेलं ऊन चालणाऱ्याच्या अंगावर येतं. अरुंद गल्लीत वर दाट छत्र धरणारी झाडं दुपारी सावली देतात, पण वारा अडला तर रात्रीची उष्णता कोंडतात. तिथे उंच, विरळ फांद्यांचं झाड बरं. अमेरिकेत फिनिक्स शहराचा अभ्यास झाला तेव्हा एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेने रात्रीचं तापमान एक अंशाहून जास्त वाढू शकतं असं दिसलं. म्हणजे ज्याच्याकडे एसी नाही तो शेजाऱ्याच्या एसीची उष्णताही सोसतो.

रंगांचे इशारे आता सगळ्यांच्या फोनवर येतात. पण नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराला "ऑरेंज अलर्ट" सांगून काय होणार? त्याला सांगायचं ते ठेकेदाराला सांगायला हवं: काम सहाला सुरू करा, बारा ते चार बंद ठेवा, आणि त्या चार तासांची मजुरी कापू नका. आशाताईंच्या हातात त्यांच्या भागातल्या त्या घरांची यादी हवी, जिथे वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याखाली कुणी म्हातारं माणूस एकटं राहतं. बागा रात्री उशिरापर्यंत उघड्या ठेवा, लोकांना निवायला जागा हवी. अंदाज बारीक करण्याचा सगळा खटाटोप शेवटी यासाठी आहे, की ही यादी आणि तो वेळ नेमका असावा.

तोवर रोजच्या बातमीत एक गोष्ट बघायची सवय मी लावून घेतली आहे. कमाल तापमानाच्या शेजारी किमानचा आकडा असतो. दिवसा ४० च्या वर आणि रात्रीचा पारा सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी चढा असेल तर हवामान खातं त्याला उष्ण रात्र म्हणतं. ओळीने दोन-तीन रात्री तसा आकडा दिसला की मी आईला फोन करतो. ती आता तळमजल्यावर झोपते. आमच्या समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या असतात; आई संध्याकाळी त्यांना खाली बोलावून घेते, पन्हं देते, आणि गच्चीवर पाणी मारायला शेजारच्या मुलाला पाठवते. तोही दोन बादल्यांत काम उरकायला बघतो.